बॅटरी पुरवून वापरा, बॉस!

हातात मावणारा गेमिंग कम्प्युटर कूल दिसतो, यात वादच नाही. पण ऑफिस येईपर्यंत तो जिवंत राहील का? याचं उत्तर बॅटरीच्या आकारात कमी आणि तिच्या हिशोबात जास्त आहे.

पगाराचं गणित आपल्या सगळ्यांनाच पाठ असतं. एक तारखेला खात्यात येणारी रक्कम ठरलेली. त्यातून भाडं, ईएमआय, किराणा आणि उरलंच तर वीकेण्ड. वीस तारखेला खडखडाट झाला, की दोष पगाराचा की खर्चाचा, यावर प्रत्येकाचं घरी एकदा तरी वाजलेलं असतं. हॅण्डहेल्ड गेमिंग यंत्रांचंही सेम टू सेम आहे. बॅटरी म्हणजे पगार आणि वॉट म्हणजे खर्च. गंमत अशी, की मोबाइलच्या सवयीने आपण दुकानात फक्त पगार विचारतो, ‘किती एमएएचची आहे?’ खर्चाचं कुणी विचारतच नाही.

हा विषय डोक्यात घुसला तो एका मैत्रिणीमुळे. ती हिंजवडीत आयटीत आहे आणि आठवड्यातले दोन दिवस क्लायंटच्या मुंबईच्या ऑफिसात जाते. सकाळची डेक्कन क्वीन, खिडकी मिळाली तर खिडकी आणि हातात स्टीम डेक. मामेभावाने २०२२च्या शेवटी अमेरिकेहून आणलेला. लॅपटॉप उघडायच्या आधीचे हे तीन तास तिचे एकटीचे. त्यात ना मीटिंग, ना स्वयंपाक, ना कुणाचं ‘एक मिनिट येतेस का’. परवा फोनवर वैतागून म्हणाली, ‘अगं, आधी हा सीएसएमटीपर्यंत जायचा. आता ठाण्यालाच मान टाकतो. विकून टाकू का?’

म्हटलं, थांब. आधी हिशोब तर बघू.

सव्वातीन तासांची परीक्षा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीम डेक हा व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा हातात धरून खेळायचा कम्प्युटर. २८ फेब्रुवारी २०२२पासून तो गिऱ्हाइकांच्या हातात पडायला लागला. ज्या देशांत तो तेव्हा विकायला आला त्यात भारत नव्हता. त्यामुळे आपल्याकडे तो आला तो नातेवाइकांच्या बॅगांतून नाहीतर बाहेरून माल आणणाऱ्या दुकानदारांकडून. आत विंडोज नाही, लिनक्स आहे. आर्च लिनक्सवर उभी केलेली स्टीमओएस. विंडोजसाठी बनलेले गेम्स प्रोटॉन नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. खेळणाऱ्याला हे सगळं जाणवतही नाही. बटण दाबायचं आणि सुरू व्हायचं!

पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॉट-तासांची. म्हणजे यंत्राने सतत ४० वॉट खाल्ले तर ती एक तास पुरेल, १० वॉट खाल्ले तर चार तास. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि १० वाजून २५ मिनिटांनी सीएसएमटीला पोचते. तीन तास दहा मिनिटं. ४० भागिले तेवढे तास केले की उत्तर येतं साधारण साडेबारा. म्हणजे डेक्कन क्वीनभर खेळायचं असेल तर सरासरी साडेबारा वॉटच्या आत राहायचं. हा झाला आपला बजेट.

आता खर्च बघा. डेकच्या मुख्य चिपची कमाल मर्यादा १५ वॉट. पण खर्च चिपपाशी संपत नाही. स्क्रीन, मेमरी, स्टोरेज, वायफाय, पंखा आणि स्पीकर, सगळ्यांचे हात पसरलेलेच असतात. मोठ्या नकाशाचा, भारी ग्राफिक्सचा गेम पूर्ण ताकदीने चालवला तर एकूण आकडा २५ वॉटच्या आसपास जाऊ शकतो. ४० भागिले २५, म्हणजे तासभर आणि ३६ मिनिटं. घाट उतरून कर्जत येतंय न येतंय तोच स्क्रीन काळी! याउलट शेती करायचा, पिकांना पाणी घालायचा साधा टू-डी गेम आठेक वॉटमध्ये भागतो. म्हणजे पाच तास. सीएसएमटीला उतरून वर परतीचा निम्मा प्रवास.

व्हॉल्व्हने स्वतःच या मॉडेलसाठी ‘२ ते ८ तास’ असा आकडा दिला होता. वाचताना तो विचित्र वाटतो, पण त्यात लपवाछपवी नाही. तुम्ही काय खेळता आणि कसं खेळता, यावर सगळं आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ओलेड स्क्रीनचा डेक आला. त्यात बॅटरी ५० वॉट-तासांची झाली, चिप ७ऐवजी ६ नॅनोमीटरची झाली आणि कंपनीचा आकडा ‘३ ते १२ तास’ झाला. लक्षात घ्या, पगार चतकोराने वाढला, पण तास त्याहून जास्त वाढले. कारण खर्चही कमी झाला.

थोडा वेग सोडा, बराच चार्ज वाचवा

इथे एक फंडा समजून घ्यायला हवा, कारण सगळी जादू त्यातच आहे. चिप जितकी वेगात पळवायची, तितकं तिला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आणि चिपची भूक वेगाच्या प्रमाणात वाढते, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. आकडे घालून बघू. वेग १००वरून ८०वर आणला आणि त्यामुळे व्होल्टेज १००वरून ९०वर आलं, असं समजा. नवा खर्च किती? ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९. उत्तर ०.६५च्या आसपास. वेग गेला २० टक्के, खर्च वाचला ३५ टक्के. उलटंही तितकंच खरं. शेवटचा थोडासा वेग काढण्यासाठी बॅटरी सगळ्यात जास्त पिळली जाते. बाइक ऐंशीच्या पुढे दामटवली की पेट्रोल कसं संपतं, ते आठवा.

हा वेग कधी वाढवायचा, कधी घटवायचा, हे लिनक्सच्या गाभ्यात एक छोटा कारभारी ठरवतो. त्याचं नावच ‘गव्हर्नर’. (राजभवनाशी संबंध नाही!) ‘परफॉर्मन्स’ नावाचा गव्हर्नर चिपला कायम दामटतो. ‘पॉवरसेव्ह’ तिला हळू चालवतो. ‘ऑनडिमांड’ २००४मध्ये आला. तो काम आलं की वेग वाढवतो, काम संपलं की खाली आणतो. २०१६मध्ये आलेला ‘स्केडयुटिल’ थेट काम वाटून देणाऱ्या यंत्रणेलाच विचारतो, की बाबा, पुढे किती काम दिसतंय?

ऑफिसच्या कामात हे झकास चालतं. ई-मेल वाचताना चिप बहुतेक वेळ डुलक्या घेते. गेमचं तसं नाही. गेमला ‘पुरे’ हा शब्द माहीत नाही. मोकळं सोडलं तर तो जमतील तितकी चित्रं काढत बसतो. तुम्ही खेळ थांबवून मेन्यूत नुसते बघत बसलात तरी त्याचं काढणं सुरूच. कारभारी कितीही हुशार असला तरी ‘एवढंच काढ, जास्त नको’ हे सांगणारं कुणीतरी लागतं. ते म्हणजे तुम्ही.

डेकच्या उजव्या बाजूला तीन ठिपक्यांचं एक बटण आहे. ते दाबलं की बॅटरीच्या चित्राचा एक भाग उघडतो. खेळताना वॉट दाखवणारी पट्टी तिथूनच चालू होते. सेकंदाला किती चित्रं काढायची, चिपला जास्तीत जास्त किती वॉट द्यायचे (३पासून १५पर्यंत), हे सगळं तिथेच. आणि प्रत्येक गेमसाठी वेगळी सेटिंग ठेवता येते. शेतीला कमी, लढाईला जास्त.

चाळीसची कमाल

आता एक आकडा पाठ करून ठेवा, ४०. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० काढायची तर ३३.३. या दोन वेळांचा बरोबर मध्य कोणता? २५ मिलिसेकंद. आणि २५ मिलिसेकंदांना एक चित्र म्हणजे सेकंदाला ४०. नुसत्या आकड्यावरून ४० हे ३०च्या जवळचं वाटतं. पण डोळ्यांना आणि बोटांना जाणवतो तो दोन चित्रांमधला वेळ. त्या हिशोबाने ४०वर आलात की ३०पासून ६०पर्यंतचा अर्धा रस्ता कापून होतो. आणि काम मात्र ६०च्या तुलनेत एक तृतीयांशाने कमी. पहिल्या डेकची स्क्रीनही ४० हर्ट्झवर आणता येते, त्यामुळे चित्र अडखळत नाही.

मैत्रिणीच्या डेकवर आम्ही ‘राजी’ लावून बघितला. हा पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला गेम. आधी ६०वर, मग ४०वर. वॉटचा आकडा खाली उतरताना दिसला. ती मात्र स्क्रीनकडे बघत म्हणाली, ‘मला तर फरकच कळत नाहीये गं.’ सात इंची स्क्रीनवर, हलत्या डब्यात तो बहुतेकांना कळणारही नाही. लढाईचा वेगवान ऑनलाइन गेम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ६० लागतातच.

मग प्रश्न येतो, यात लिनक्सचं कौतुक किती? याची छान परीक्षा २०२५मध्ये झाली. लेनोवोचा लिजन गो एस हा हॅण्डहेल्ड विंडोजसह आणि स्टीमओएससह, असा दोन्ही प्रकारांत विकायला आला. यंत्र तेच, ५५.५ वॉट-तासांची बॅटरी तीच, बदल फक्त आतल्या सिस्टीमचा. परीक्षण करणाऱ्यांना लिनक्सवाला जास्त वेळ टिकताना दिसला, खासकरून हलक्या गेम्समध्ये. कारण सरळ आहे. गेम हलका असला की एकूण खर्चात सिस्टीमच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा मोठा होतो. टेबलावरच्या कम्प्युटरसाठी बनलेल्या सिस्टीमची मागे चाललेली शंभर कामं तिथे महागात पडतात.

पेन्सिल सेलचा जमाना

ही काटकसर आजची नाही. १९८९मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयला रंग नव्हते, स्क्रीनमागे दिवाही नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो दिवसच्या दिवस चालायचा. सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ स्क्रीन होती. त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत गार व्हायचे. बाजार कुणी मारला, हे सांगायला नकोच.

लिनक्सवाल्यांची परंपराही जुनी. २००५मध्ये कोरियाहून जीपी२एक्स आला. २०० मेगाहर्ट्झची चिप, ६४ एमबी मेमरी आणि पोटात दोन पेन्सिल सेल. साधे अल्कलाइन सेल घातले की तो लगेच धापा टाकायचा. कारण भिंतीवरच्या घड्याळासारखी थोडी-थोडी वीज द्यायला ते सेल उत्तम, पण एकदम जास्त ओढली की त्यांचं व्होल्टेज बसतं. म्हणून लोक चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरायचे. असे २५०० एमएएचचे दोन सेल म्हणजे जेमतेम ६ वॉट-तास! मग काय, गेमला जेवढा हवा तेवढाच वेग ठेवायचा आणि चिपला मुद्दाम हळू चालवायचं, ही विद्या तेव्हाच घडली. २०१०मध्ये ओपन पँडोरा आला. त्याच्या ४००० एमएएचच्या बॅटरीत १५ वॉट-तासांपेक्षा थोडं कमीच. पण तो दहा तासांच्या आसपास टिकायचा. म्हणजे खर्च अवघा दीड वॉट.

आज त्याच घराण्यातला मियू मिनी प्लस बऱ्याच जणांच्या खिशात दिसतो. साडेतीन इंची स्क्रीन, ३००० एमएएचची बॅटरी, म्हणजे ११ वॉट-तास. जुने गेम्स खेळायला बक्कळ. त्यावर ओनियन नावाची सिस्टीम टाकली, की बंद करताना खेळ जिथे असेल तिथे जपून ठेवते आणि सुरू करताना तिथूनच उघडते. झोपेत चार्ज खाण्याचा प्रश्नच मिटला. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे बॅटरी मागचं झाकण काढून बदलता येते. हे लक्षात ठेवा, कारण आता मुद्दा तिथेच येतोय.

म्हातारपण बॅटरीलाही येतं

परत मैत्रिणीच्या डेककडे. तिच्या सेटिंग्ज आधीपासून बदललेल्या नव्हत्या, गेम तेच, गाडी तीच. मग ठाण्याला मान का टाकायची? डेकला डेस्कटॉप मोडमध्ये नेलं. तिथे लिनक्सचा केडीई प्लाझ्मा उघडतो. त्यातल्या ‘इन्फो सेंटर’मध्ये ऊर्जेच्या पानावर बॅटरीची तब्येत दिसते. आकडा होता ८१ टक्के. यात कंपनीचा दोष नाही, लिथियम बॅटरीचा स्वभावच तो. वापरली तरी झिजते, नुसती ठेवली तरी झिजते. उष्णता आणि कायम १०० टक्क्यांवर ठेवणं, या दोन गोष्टींनी तर पटपट.

आता परत भागाकार. ४०च्या ८१ टक्के म्हणजे ३२.४ वॉट-तास. जुन्याच साडेबारा वॉटने खेळलं तर ते पुरतात दोन तास ३५ मिनिटं. सव्वासातला सुरू केलं तर दहाला दहा कमी. म्हणजे बरोबर ठाणं! यंत्र बिघडलं नव्हतंच. पगार कमी झाला होता आणि खर्च तोच राहिला होता.

तरी खात्री हवी म्हणून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आधी मेमरी कार्ड काढायला लावलं. ते आत असताना मागचं कव्हर उघडलं तर कार्ड मोडतं. मग आठ स्क्रू काढून कव्हर उचललं, बॅटरीवर टॉर्च धरला आणि कडेने नीट बघितलं.

‘ताई, फुगलेली नाहीये. सपाट आहे.’

‘पण बदलून घेतली तर?’ मैत्रिणीने विचारलं.

‘बदलू की. पण ही खाली गोंदाने पक्की बसवलीय. उपटताना वाकली, टोचली, तर धूर निघतो. आणि मी जी घालीन ती अस्सल असेल याची गॅरंटी मी देत नाही. फुगली असती तर मीच म्हटलं असतं, आजच्या आज काढू. अजून चालवा.’

धंदा सोडून खरं बोलणारा माणूस भेटला, की बरं वाटतं. गोंदाची तक्रार जुनीच आहे. आयफिक्सिटने २०२२मध्ये डेकचे सुटे भाग विकायला काढले आणि दुरुस्तीच्या पायऱ्याही दिल्या, पण बॅटरी काढणं हे त्यातलं अवघड काम, असंच त्यांचंही म्हणणं होतं.

मग ३२.४ वॉट-तासांचा नवा बजेट केला. सव्वातीन तास काढायचे तर आता सरासरी १० वॉट. भारी ग्राफिक्सचा गेम घरी, प्लग लावून. गाडीत हलके गेम, ४०ची मर्यादा, चिपला सहा-सात वॉटची लगाम आणि स्क्रीनचा उजेड अर्धा. पुढच्या मंगळवारी तिचा मेसेज आला, ‘दादर. १४ टक्के शिल्लक!!!’ डेक विकायचा विषय संपला.

डब्यातला प्लग किंवा पॉवर बँक आहेच की, असं तुम्ही म्हणाल. प्लग मोकळा मिळाला तर देव पावला. पॉवर बँकेत मात्र फक्त एमएएच बघू नका, ती किती वॉट देते ते बघा. यंत्र २० वॉट खात असेल आणि पॉवर बँक १० देत असेल, तर चार्जिंगचं चिन्ह दिसूनही बॅटरी उतरतच जाते. डेकचा चार्जर ४५ वॉटचा आहे. शिवाय खेळता-खेळता जोरात चार्जिंग म्हणजे बॅटरीला दुहेरी ताप, आणि तापाने म्हातारपण लवकर येतं. तिचे तास आज वाचवायचे की पुढच्या वर्षीचे, एवढाच तो प्रश्न.

चार्ज वाचवायचे सात फंडे

१. वॉटची पट्टी चालू ठेवा. बॅटरीचे वॉट-तास भागिले स्क्रीनवरचे वॉट म्हणजे तुमचे तास.

२. आधी चित्रांवर मर्यादा घाला, ४०पासून सुरुवात करा. मग चिपचे वॉट एकेक कमी करा. चित्र अडखळायला लागलं, की एक पाऊल मागे.

३. उजेड कमी करा. ऑनलाइन खेळत नसाल तर विमान मोड लावा.

४. टीसी आला की पॉवर बटण दाबून झोपवा, बिनधास्त. पण झोपेतही मेमरी थोडा चार्ज खाते. आठवडाभर हात लावणार नसाल तर पूर्ण बंद करा. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर बायोसमध्ये बॅटरी स्टोरेज मोड आहे.

५. घरी सतत प्लगवर असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. स्टीमओएसमध्ये २०२५पासून ही सोय आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढायला विसरू नका.

६. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. विमानात पॉवर बँक केबिन बॅगेतच आणि १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

७. मागचं कव्हर फुगलं, स्क्रीनच्या कडेला फट दिसली, तर चार्जिंग तिथल्या तिथे बंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बाकी सगळ्या हिशोबात उन्नीस-बीस चालेल. यात नाही.